चिरनेरचे कोयते आणि परवान्याची बंदूक

1930 च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यासमोर अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी करा, शेतसारा निम्म्यावर आणा, लष्कराचा खर्च कमी करा, राजकीय कैद्यांना सोडा, मिठावरचा कर रद्द करा. मिठाच्या मागणीतून दांडीयात्रा निघाली, म्हणून तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. अकरावी मागणी मात्र आज सांगितली तर ऐकणारा चमकतो. स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचे परवाने लोकांना द्या आणि त्या परवान्यांवर लोकांचं नियंत्रण असू द्या, अशी ती मागणी होती. अहिंसेच्या लढ्याच्या मागणीपत्रात बंदुकीचा परवाना! या अकरा मागण्या 'यंग इंडिया'त छापून आल्या तो दिवस 30 जानेवारी. अठरा वर्षांनी त्याच तारखेला मागणी करणाऱ्याचाच पिस्तुलाने खून झाला. हा निव्वळ योगायोग आहे, पण नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्या अकरा मागण्यांत जंगलाचा उल्लेख नव्हता, आणि महाराष्ट्रात 1930 चा लढा पेटला तो जंगलावरून. समुद्र नसलेल्या गावांना मीठ कुठून आणायचं हा प्रश्न होता. जंगल मात्र दाराशी होतं आणि त्याचे जाचक नियमही दाराशी होते. यवतमाळकडे पुसदला, सातारा-सांगलीकडे बिळाशीला, नाशिककडे बागलाणात लोक राखीव जंगलात शिरून गवत आणि लाकूड तोडू लागले. कुलाबा जिल्ह्यात पनवेल-उरणच्या पट्ट्याला तर समुद्र आणि जंगल दोन्ही होतं. इथल्या भातशेतीला राब लागतो. पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर टहाळ्या, गवत, शेण, पालापाचोळा पसरून जाळायचा आणि त्या भाजलेल्या मातीत रोपं उगवायची. टहाळ्या तोडायला बंदी म्हणजे रोपाला बंदी, आणि रोप नाही तर लावणी नाही. गुरं चारायला आणि जळण आणायलाही आडकाठी होतीच.

25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांतले लोक जमले. हातात कोयते आणि कुऱ्हाडी होत्या, कारण झाड तोडायचं म्हणजे तेच लागणार. समोर मामलेदार आणि बंदूकधारी पोलीस. गोळीबार झाला. हुतात्मा म्हणून गावाने आठ नावं जपली आहेत, आणि त्यांची आडनावं वाचली तरी त्या दिवशी माळावर कोण होतं ते कळतं: पाटील, घरत, म्हात्रे, कोळी, कातकरी, न्हावी, फोफेरकर. त्याच दिवशी मामलेदार जोशीही मारले गेले. पुढे धरपकड झाली आणि ठाण्याच्या सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. आरोपींच्या बचावाला जे वकील उभे राहिले त्यांत एक होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. या नावाकडे पुन्हा यायचं आहे.

चिरनेरची ही हकीकत सांगताना एक प्रश्न बहुतेक वेळा गाळला जातो. गावकऱ्यांकडे बंदुका का नव्हत्या? कोकणातल्या डोंगराळ गावात रानडुक्कर, बिबट्या, माकडं सगळं होतं. शिकारीची परंपरा होती. तरी शेकडोंच्या जमावात कोयत्याच्या पुढचं हत्यार नव्हतं. सत्याग्रह अहिंसक होता हे त्याचं एक उत्तर, आणि ते खरं आहे. दुसरं उत्तर बावन्न वर्षं जुन्या एका कायद्यात आहे.

1857 च्या उठावानंतर कंपनी सरकारने आणि मग राणीच्या सरकारने लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. 1857 आणि 1860 च्या कायद्यांनी त्याची चौकट घातली आणि 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सगळ्या देशासाठी शस्त्रकायदा केला. परवान्याशिवाय बंदूक, तलवार, भाला बाळगणं गुन्हा ठरला. युरोपियन माणसाला मात्र परवान्याची गरज नव्हती. काही संस्थानिक, सरदार आणि मर्जीतले मानकरीही सुटले. बाकी प्रजेने अर्ज करायचा, साहेबाने ठरवायचं. कायदा कागदावर हत्यारांविषयी होता आणि प्रत्यक्षात कातडीच्या रंगाविषयी. वंशावरून केलेला हा भेद पहिल्या महायुद्धानंतर निघाला. तोवर चाळीस वर्षं उलटून गेली होती.

चिरनेरपासून फार लांब नसलेल्या शिरढोणचा एक माणूस या कायद्याच्याच वेळेचा. वासुदेव बळवंत फडके, जन्म 1845. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. 1876-77 चा दुष्काळ पाहून पेटले आणि 1879 मध्ये, म्हणजे शस्त्रकायदा होऊन वर्षही होतं न होतं तोच, रामोशी आणि इतरांना घेऊन बंड केलं. त्यांना हत्यारं जमवायला जी धडपड करावी लागली, ती या कायद्याच्या काळात. जुलैमध्ये ते पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला पाठवले गेले आणि फेब्रुवारी 1883 मध्ये तिथेच वारले. सरकारच्या बाजूने बघायचं तर कायद्याने काम केलं होतं. बंड झालं, पण ते देशभर पेटेल इतक्या बंदुका कुणाकडेच नव्हत्या.

म्हणूनच शस्त्रकायद्यावरचा राग हा आपल्याकडे फक्त जहालांचा विषय नव्हता. काँग्रेस स्थापन झाल्यावर दोन-तीन वर्षांतच तिच्या ठरावांत हा कायदा आला. अर्ज-विनंत्या करणाऱ्या मवाळांनाही तो अपमान वाटत होता. 1918 मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात फौजेसाठी माणसं भरती करत फिरत होते. त्या वेळच्या पत्रकात त्यांनी संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल असं म्हटलं होतं. आत्मकथेतही त्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. अमेरिकेत बंदुकीच्या हक्काचा प्रचार करणारे लोक गांधीजींचं हे वाक्य आजही मोठ्या हौसेने छापतात. त्यांना त्याचा मागचा-पुढचा संदर्भ नको असतो. गांधीजी फौजेत भरती व्हा, म्हणजे हत्यार चालवायला शिकाल आणि कायदाही जाईल, असं सांगत होते. घरोघरी पिस्तुलं ठेवा असं त्यांनी कधी सुचवलं नव्हतं.

मार्च 1931 मध्ये कराचीला काँग्रेसने मूलभूत हक्कांचा प्रसिद्ध ठराव केला. स्वतंत्र भारतात नागरिकाला काय मिळेल याची ती ठोस यादी. भाषण, संघटना, धर्म, समता या ओळीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, नियम आणि अपवाद ठेवून. चिरनेरच्या गोळीबाराला तेव्हा सहाच महिने झाले होते.

मग हा हक्क घटनेत का आला नाही?

डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत स्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा चालू होती. आज ते कलम 19 म्हणून ओळखलं जातं. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली: शस्त्र बाळगण्याचा हक्कही यात घाला. कामत आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले गृहस्थ, आणि त्यांची मागणी ही काँग्रेसच्याच जुन्या ठरावाची आठवण होती. उत्तर द्यायला उभे राहिले मसुदा समितीचे अध्यक्ष. कधीकाळी चिरनेरच्या आरोपींचं वकीलपत्र घेतलेले तेच बॅरिस्टर.

डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती फेटाळली. परक्या सरकारविरुद्ध ज्या परिस्थितीत ही मागणी झाली ती आता राहिलेली नाही, हा त्यांचा एक मुद्दा. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हल्ल्याची साधनं विकत घ्यावीत आणि सरकारने बघत बसावं, अशाने राज्यकारभार चालणार कसा, हा दुसरा. आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: आग्रह धरायचाच असेल तर हत्यार उचलण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. युद्ध आलं, राज्य धोक्यात आलं, तर नागरिकाला बोलावण्याचा अधिकार राज्याला असावा. कामतांची दुरुस्ती पडली. घटनेत शेवटी उरलं ते उलट टोक: लोकांना एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण शांततेने आणि शस्त्राशिवाय.

यात विसंगती शोधणारे शोधतात. माझ्या मते विसंगती नाही. चिरनेरच्या माळावर गावकऱ्यांकडे वीस-पंचवीस बंदुका असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा. आठांच्या जागी अठ्ठावीस नावं कोरावी लागली असती, आणि ठाण्याच्या कोर्टात वकिलाला बचावाला काही उरलं नसतं. नि:शस्त्र जमावावरचा गोळीबार हा सरकारचा गुन्हा म्हणून लोकांच्या मनात राहतो. सशस्त्र जमावावरच्या गोळीबाराला सरकार बंडाचा बंदोबस्त म्हणतं आणि बरेच लोक मान डोलावतात. ज्या माणसाने महाडला तळ्याच्या सत्याग्रहानंतर सत्याग्रहींवर झालेला हल्ला पाहिला होता, त्याला हत्यारं सर्वांना खुली झाली तर ती आधी गावातल्या कुणाच्या हातात पोचतील हे सांगायची गरज नव्हती. परवाना, पैसा, ओळख या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे, त्याच्याच घरी बंदूक. वतनदाराच्या ओसरीवर भिंतीला टांगलेली बंदूक महार-कातकऱ्याच्या कामी कधीच आली नव्हती.

तरीही त्या उत्तराची दुसरी बाजू दिसल्यावाचून राहत नाही. परकं सरकार गेलं, पण शस्त्र कुणाला द्यायचं हे ठरवणारी खुर्ची तीच राहिली. 1878 चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालू होता. 1959 चा नवा शस्त्रकायदा प्रत्यक्षात 1962 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. गांधीजींच्या अकराव्या मागणीत परवाने होते आणि परवान्यांवर लोकांचं नियंत्रण होतं. पहिला अर्धा भाग आपण घेतला. दुसरा वाटेत कुठेतरी सांडला.

आता या नव्या कायद्यात डोकावू, कारण 'बंदूक हा भारतात हक्क नाही' एवढं एक वाक्य टाकून विषय मिटवणारे त्यातली बारीक अक्षरं वाचत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये म्हटलं की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही. ते बरोबरच आहे. पण 1959 च्या कायद्याचं कलम 13 परवान्यांच्या दोन जाती पाडतं. पिस्तूल, रिव्हॉल्वर, रायफल हवी असेल तर अधिकाऱ्याला योग्य कारण पटवून द्यावं लागतं. मात्र वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे, नकाराचं कलम 14 मधलं एखादं कारण नसेल तर. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणाने नकार देता येत नाही, असंही तिथेच लिहिलेलं आहे. नकाराचं कारण लेखी नोंदवायचं, मागितल्यास द्यायचं. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ते राखून ठेवता येतं. परवाना निलंबित किंवा रद्द करायचा तर कलम 17 खाली पुन्हा लेखी कारण. त्यावर कलम 18 खाली अपील. संसदेने शेतकऱ्याच्या बंदुकीला हक्काच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आणून ठेवलं आहे.

कोयता मात्र या कायद्यात येतच नाही. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठी आणि हातातली काठी ही उदाहरणं कायद्यानेच दिली आहेत. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांनी अलीकडे उच्छाद मांडला तेव्हा पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाची ओळख नोंदवायला सांगितलं. ऊसतोड मजुराने कोयता घ्यायला ओळखपत्र दाखवायचं, ही वेळ ब्रिटिशांच्या काळातही आली नव्हती.

कोकणात परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेक ठिकाणी शेतीसंरक्षणाची बंदूक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात असे परवाने वाडीवाडीत सापडतात, कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे आलेले. बंदूक एकनळी किंवा ठासणीची. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्या किंवा काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा ठासायचं, मागे टोपी बसवायची. एक बार उडाला की पुढच्या बाराची तयारी करेपर्यंत डुकरांचा कळप दुसऱ्याच्या शेतात पोचलेला असतो. बरं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी हवी. जिवावर बेतलं तरच स्वसंरक्षणाची सूट. त्यामुळे बंदुकीचा खरा उपयोग पुष्कळदा आवाजापुरता. रात्री मचाणावरून एक बार काढला की माकडं-डुकरं तेवढ्यापुरती पांगतात.

या बंदुकांचं काळं अंगही आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. रानात शिकारीला गेलेल्या टोळीत सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. परवाना एकाचा, बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि जागा तिसऱ्याच गावाची हद्द. बांधावरच्या भांडणात बंदूक बाहेर निघते. सरकारने डोळ्यांत तेल घालून बसावं असं कारण नक्कीच आहे.

पण सरकारने डोळ्यांत तेल घातलं ते मुख्यतः निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात आणून जमा करायच्या, ही अनेक वर्षांची रीत. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद, पंचायत. एका पाठोपाठ एक. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीचं वेळापत्रकही असं की 2009, 2014 आणि 2019 अशा तिन्ही खेपांना मतदान ऑक्टोबरात आलं. भात पिकून पिवळं झालेलं, डुकरं रोज उतरणारी, आणि बंदूक ठाण्याच्या कोठारात पावती बांधून पडलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही खरी जप्ती. हुकूमशाही वगैरे मोठे शब्द कुणी काढत नाही. 'यंदा पण जमा करायला लावली' एवढंच म्हणतात.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2009 च्या निकालाचं सार असं: निवडणूक आहे म्हणून सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घेता येणार नाहीत, प्रत्येकाचं प्रकरण तपासा. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांत छाननी समिती आली. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, परवानाधारकांची यादी तपासतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत सापडलेले, अशांची शस्त्रं आधी जमा करायची. जमा केल्याची रीतसर पावती द्यायची, आणि निकालानंतर आठवडाभरापर्यंत ठेवून परत करायची. बँकांचे सुरक्षारक्षक आणि नेमबाजीचे खेळाडू यांना सूट. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात समितीने प्रत्येक नाव तपासायचं म्हणजे काम वाढतं, आणि एखादी बंदूक सोडली व तिच्यातून काही घडलं तर जबाबदारी सही करणाऱ्यावर. म्हणून यादी लांब करण्याकडे कल राहतो. मला हा अधिकाऱ्यांचा दुष्टपणा वाटत नाही. जिथे हक्क नसून परवानगी आहे, तिथे 'नको' म्हणणं नेहमीच स्वस्त पडतं.

निवडणुकीतली जमा ही तात्पुरती. कायमची काढून घेण्याचा मोठा प्रसंग अलीकडे आला तो डिसेंबर 2019 मध्ये. 1983 पासून एका माणसाला तीन बंदुकांची मर्यादा होती. सरकारने विधेयक आणलं ते ती एकावर आणण्याचं. पंजाबमधून, राजस्थानच्या राजपुतांकडून, नेमबाजांकडून ओरड झाली आणि संसदेने ती दोनवर थांबवली. तिसरी बंदूक असणाऱ्याने वर्षभरात ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाहक्काने आलेली आजोबांची बंदूकही या हिशेबातून सुटली नाही. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली. कोकणातल्या शेतकऱ्याला या दुरुस्तीचा फारसा चटका बसला नाही, कारण त्याच्याकडे एकच नळी. तिसरी बंदूक हा वाड्याचा आणि हवेलीचा प्रश्न होता. एक गोष्ट मात्र खटकते. सरकारने तिसऱ्या बंदुकीचे पैसे देण्याची काही तरतूद केली नाही. आपणच गिऱ्हाईक शोधा, तेही परवानाधारक, नाहीतर ठेवा जमा.

ऑस्ट्रेलियात हे वेगळ्या रीतीने झालं. एप्रिल 1996 मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका बंदूकधाऱ्याने 35 माणसं मारली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सर्व राज्यांना एकत्र बसवून अर्धस्वयंचलित जातीच्या बंदुकांवर बंदी आणली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. तिथल्या घटनेत मालमत्ता घ्यायची तर रास्त मोबदला द्यावा लागतो, म्हणून आरोग्यविम्याच्या करावर एक जादा अधिभार लावून पैसा उभा केला. न्यूझीलंडने 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या 51 खुनांनंतर तोच मार्ग धरला. बंदूक गेली, हातात पैसे आले. चिडलेले लोक तिथेही होते, पण चिडण्याला हिशेब मिळाला.

अमेरिकेची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाला. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क आहे आणि 2008 च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क मानला. 2005 मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं तेव्हा पोलिसांनी घरोघरी लोकांच्या वैध बंदुका काढून घेतल्या, पुष्कळांना पावतीसुद्धा दिली नाही. खटले झाले, आणि पुढच्याच वर्षी आपत्तीच्या काळात वैध शस्त्रं जप्त करायला मनाई करणारा कायदा केंद्राने केला. तिथल्या बंदूकवाल्यांना तेव्हापासून 'सरकार एक दिवस दारात येईल' याचा पुरावाच मिळाला. त्याच देशात दरवर्षी बंदुकीने मरणाऱ्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. हक्क मोठा झाला की त्याची किंमतही मोठी होते, आणि ती नेहमी हक्क वापरणाराच भरतो असं नाही.

भारतातही परवान्याशिवायच्या बंदुकीचं एक बेट आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या वतनदारांना ब्रिटिशांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. स्वतंत्र भारताने ती चालू ठेवली. 2019 मध्ये पुन्हा दहा वर्षांसाठी वाढवली. 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. बंदूक तिथे लग्नकार्यात आणि सणात असते. म्हणजे एका जिल्ह्यात विशिष्ट समाजात जन्मला म्हणून सूट, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. परंपरेचा मान ठेवावा हे ठीक, पण ब्रिटिशांनी आपल्या निष्ठावंतांना दिलेली सवलत परंपरा म्हणून इतकी सहज टिकते आणि चिरनेरच्या शेतकऱ्याला मात्र जमिनीचा उतारा, चारित्र्य पडताळणी आणि पीक नुकसानीचा दाखला घेऊन फिरावं लागतं, हे पाहिलं की कोडगूकडे थोड्या असूयेने बघावंसं वाटतं.

या सगळ्या वादात आकडा एक लक्षात ठेवावा. शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा 2017 चा अंदाज असा की भारतात नागरिकांच्या हाती सात कोटींवर बंदुका आहेत आणि त्यांपैकी नोंद असलेल्या एक कोटीहूनही कमी. अंदाज ढोबळ आहे, पण प्रमाण पुरेसं बोलकं आहे. गावठी कट्टा निवडणुकीत जमा होत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रांच्या शिक्षा जबर वाढवल्या, बेकायदा निर्मितीला जन्मठेपेपर्यंत. पण कट्टा सापडण्यासाठी तपास करावा लागतो, आणि परवान्याची बंदूक सापडण्यासाठी फक्त रजिस्टर उघडावं लागतं. गांधीहत्येचं बेरेटा पिस्तूलही ग्वाल्हेरहून गुपचूप आणलेलं होतं, कुणाच्या परवान्यावरचं नव्हतं.

मला वाटतं, बंदुकीचा हक्क घटनेत नसणं हे आपलं भाग्य आहे आणि डॉ. आंबेडकर बरोबर होते. पण त्यांनी नाकारलेल्या हक्काच्या जागी जी गोष्ट यायला हवी होती ती पुरती आली नाही. ती म्हणजे परवाना देणाऱ्या-काढणाऱ्या हाताला लोकांनी विचारण्याची सोय. किती अर्ज आले, किती नाकारले, का नाकारले, निवडणुकीत किती बंदुका जमा केल्या आणि कोणत्या कारणाने, हे तालुक्याच्या फलकावर का लागू नये? छाननी समितीत पोलीस आणि महसूल यांच्याबरोबर कृषिखात्याचा एक माणूस का नसावा, जो सांगेल की हे गाव कापणीला आलंय, यांच्या बंदुका पंधरा दिवस उशिरा मागा? बंदुकीवरचं लोकांचं नियंत्रण म्हणजे मला एवढंच अपेक्षित आहे.

चिरनेरला आता हुतात्मा स्मारक आहे. दर 25 सप्टेंबरला तिथे पोलीस हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. महसुलाने गाव रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. पोलिसांच्या दृष्टीने मात्र उरण आणि पनवेल नवी मुंबई आयुक्तालयाखाली. त्यामुळे चिरनेरच्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना हवा असेल तर तो देणारे नवी मुंबईचे पोलीस आयुक्त, आणि डोंगरापलीकडे पेण तालुक्यातल्या शेतकऱ्याला देणारे अलिबागचे जिल्हा दंडाधिकारी. नकार मिळाला तर पेणवाल्याने अपिलासाठी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जायचं, चिरनेरवाल्याने राज्य सरकारकडे, म्हणजे मंत्रालयात. दोघांच्या शेतात उतरणारी डुकरं एकाच रानातली.